वजडीची बुळबुळ आन माझी यास्मीन

३ जून, मलकापूर
हातगाडीवरची बकऱ्याची वजडी दुपारच्या आत खलास. खरवडून पांढरीशुभ्र केल्याबिगर मी विकत न्हाई, सगळं गाव जाणतं. घरी आले तर यास्मीन परत संडासात. आव, रक्त. पोलीस भरतीचं ग्राऊंड करायचं म्हणती आन नळापतूर चालवंना. म्हटलं आतड्यात घाण साठलीया. एरंडेल पाजलं. "अम्मी, नको गं." गप पी. इतकी आतडी धुतली, तुझं एक काय जड हाय!

४ जून
पोरगी पार गळाली. गाडी करून सांगली. डॉक्टरीण तरणी, आवाज माझ्यासारखाच चढा. "एरंडेल कुणी दिलं?" मी दिलं म्हटलं. लय बोलली. मीबी बोलले.

७ जून, सांगली
दुर्बिणीनं बघितलं. आतडं आतून लालभडक. डॉ. नं कागदावर चित्र काढलं. "मावशी, आतड्यातली बुळबुळ घाण नाही, पहारा आहे. तिच्यात साखरेचे बारीक धागे असतात. त्यांच्यामुळे ती दाट राहते, जंतू भिंतीला भिडत नाहीत. ह्या आजारात धागे तोकडे पडतात, बुळबुळ विरते."
या. चे अब्बा लगेच, "मग गूळ चारू का?"
"नाही हो. हे धागे आतडंच बनवतं."
मी इचारलं, आधी धागे तुटत्यात का आधी सूज? म्हणाली, अजून आम्हालाही नीट उमगलेलं नाही.
खरं बोलती. पोरगी हिच्याच हाताखाली ठेवायची.

१५ जून
सुजेवरच्या गोळ्या चालू. आज वजडी धुताना हात थांबला. धडधाकट बकऱ्याची बुळबुळ चुना लावून घासली तरी लवकर सुटत न्हाई. रोज शिव्या घालते तिला. आज न्हाई घातल्या.

२ ऑगस्ट
रक्त बंद!! या. म्हणती, दहीभात बास, रस्सा दे. म्हटलं डॉ. ला इचारून.
शेजारची कमलाकाकू एरंडेल मागाय आली. "तुमच्याकडं असतंय न्हवं?"
"हुतं. हातगाडीच्या चाकाला घातलं."

२० सप्टेंबर
या. पळती. अब्बा सायकलवर मागं, दम ह्यांनाच लागतोय.

१८ नोव्हेंबर, सांगली
परत दुर्बीण. भिंत भरून आली! डॉ. हसली. पण गोळ्या सोडायच्या न्हाईत, परत उलटू शकतं म्हणाली. उलटू दे, आता वळखते मी त्याला.

९ फेब्रुवारी, सांगली
ग्राऊंड. काय पळाली! फाटकाबाहेरनं वरडून माझा घसा बसला. एक जण म्हणतो, "आवं मावशी, जरा खाली बसा की." बसू कशाला? माझी हाय ती!
पास.
येष्टीत यास्मीन म्हणाली, "अम्मी, ग्राऊंडवर संडास कुठं हुता, बघितलावतास?"
"न्हाई."
"मीबी न्हाई." आन दोघी हसाय लागलो, कंडक्टर बघाय लागला.

६ एप्रिल
लेखीबी निघाली. उद्या मेडिकल. हे म्हणत्यात, "आजाराचं काढू नका, भरतीतनं घालवतील." मी म्हटलं, चोरी केलीय का तिनं? पळाली ती काय खोटं?
या. म्हणाली, "अब्बा, मी सांगणार."
गोळ्यांची पाकिटं पिशवीत कपड्यांच्या खाली घातलीवती ह्यांनी. मी काढून वर ठेवली.