शर्यतीच्या ट्रॅकचा दोष माझ्या नावे लावणेबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
माती-ट्रॅक मोटार शर्यत चौकशी समिती,
तलासरी, जि. पालघर.

विषय : करंजपाडा येथील शर्यतीचा ट्रॅक चुकल्याचा दोष श्री. चैत्या धोडी यांच्याऐवजी माझ्या नावे लावणेबाबत.

संदर्भ : समितीचा चौकशी अहवाल, फेब्रुवारी २०२५.

महोदय,

मी करंजपाडा आश्रमशाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. 'स्थानिक तारपावादकाच्या अज्ञानामुळे ट्रॅक सदोष झाला' असे अहवालात नमूद आहे. अज्ञान माझे होते, आणि मी तर पदवीधर आहे.

१. ट्रॅक आखायचे काम माझ्याकडे होते. मोटार क्लबच्या नकाशात एक लांब सरळ पट्टा आणि तीन वळणे होती. गाडी फिरून पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर यायची. तो नकाशा आमच्या मैदानात बसेना. तसे क्लबला कळवायला हवे होते. परंतु 'मैदानावर चुन्याची फक्की मारण्यात सावे सरांचा हात कोणी धरणार नाही' असे मुख्याध्यापक चारचौघांत बोलून गेले होते. मला कमीपणा वाटला.

२. दरवर्षी स्नेहसंमेलनात मी सगळ्या शाळेला तारपा नाचाच्या वेटोळ्यात फिरवतो. एवढ्याशा जागेत सारी मुले मावतात, कोणी कोणाला धडकत नाही. तेच वेटोळे मी ट्रॅकसाठी घेतले. श्री. धोडी यांना बोलावले. ते तारपा वाजवत पुढे चालले आणि मी मागून फक्की टाकत गेलो. कशासाठी, हे त्यांना सांगितलेसुद्धा नाही.

३. नाचात वेटोळे मध्यापर्यंत आवळले की वादक वळतो आणि सगळी साखळी त्याच्यामागून उलगडत बाहेर येते. गाड्यांना तसे वळता येत नाही, हे शर्यत सुरू होईपर्यंत माझ्या डोक्यात आले नाही. वर मी सवयीने चालकांना 'रांग मोडू नका, पुढच्याला मागे टाकू नका' अशी ताकीदही दिली होती. सर्व गाड्या मध्यभागी जाऊन एकमेकींना चिकटल्या. त्या रिव्हर्समध्ये एकेक करून बाहेर काढाव्या लागल्या. सर्वांत मागे असलेला चालक सर्वांत आधी बाहेर पडला, म्हणून त्याने पहिले बक्षीसही मागितले.

४. मग आपण मैदानावर येऊन 'हे कोणी आखले?' असे विचारले. श्री. धोडी यांच्या पायांना सकाळच्या आखणीची फक्की लागली होती. सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले. महोदय, मीही त्यांच्याकडेच पाहिले. माइकवर कोणीतरी 'यांना नाचाशिवाय येतं काय!' म्हणाले, लोक हसले, आणि मी गप्प उभा राहिलो. त्याची मला मनापासून लाज वाटते.

५. या अहवालामुळे समितीने १ मेच्या कार्यक्रमातून त्यांच्या तारपा नाच पथकाचे नाव कापले. पथकातील सुनिता व रूपी यांनी महिनाभर सराव केला होता. मी माफी मागायला श्री. धोडी यांच्या घरी गेलो. त्यांनी मला खाटेवर बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा काय दोस? गाड्यांना नाच नाय येत." ते माझीच समजूत घालत होते. माफी मागायची राहून गेली.

तरी अहवालातून श्री. धोडी यांचे नाव वगळून तेथे माझे पूर्ण नाव हुद्द्यासह लिहावे आणि पथकास कार्यक्रमात पूर्ववत घ्यावे. माझ्यावर होईल ती कारवाई मला मान्य आहे. फक्त दुरुस्तीचे पत्र त्यांच्याकडे माझ्या हाती पाठवू नये. मी ते नेऊन दिले, तर ते माझेच आभार मानतील.

आपला नम्र व अपराधी,

विपुल दशरथ सावे
मु. चिंचणी, ता. डहाणू
दि. १७ मार्च २०२५