कोरडाठाक दगड

३ मार्च
चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.
आम्ही सुखरूप आहोत, हे आधी सांगते. काल दुपारी भूकंपाचा धक्का बसला. कपाटातल्या बशा किणकिणल्या, दाराची कडी वाजली. तुझे बाबा खुर्चीत घोरत होते. मी मात्र दार उघडायला धावले. घंटा सोडून कडी वाजवायची खोड तुझीच ना. बाहेर कोणी नव्हतं.
तिकडची नोकरी कायम होतेय, असं तू कळवलंस. बाबा म्हणतात, संधी सोडू नये. माझंही तेच म्हणणं. जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आई

१४ मार्च
ती. आईस सा. न. वि. वि.
तो धक्का इथल्या भूकंपमापकावरही उमटला. त्याचं केंद्र तुमच्यापासून दूर होतं, आणि शेकडो किलोमीटर खोल. तिथे दगड तापून मऊ झालेला असतो. तो तुटतोच कसा, हे आमचं कोडं. समुद्राचा तळ सरकत जमिनीखाली जातो, तेव्हा दगडाच्या कणाकणांत मुरलेलं पाणी सोबत नेतो. दिसायला दगड कोरडाठाक. खोलवर उष्णता आणि दाब वाढला की ते पाणी सुटतं, आणि दगड एकाएकी सरकतो, असा आमचा अंदाज. मी दिवसभर प्रयोगशाळेतल्या यंत्रात दगड दाबते आणि तो कधी कडकडतो याची वाट बघते.
मी निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, तुझी आई म्हणजे दगड, डोळ्यांत टिपूस नाही. मला ते खरं वाटलं. आई, मी रुसूनच गेले गं.
महिनाअखेर नोकरीच्या करारावर सही करायची आहे. बाबांचं मत मला पाठ आहे, तुझं लिही. इथे तुझी फार आठवण येते. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी टिटवी

२२ मार्च
चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.
पत्र बाबांना वाचून दाखवलं. दगडावर आधी हसले, मग तेवढं पुन्हा वाचायला लावलं.
अगं, तेव्हा मी रडले असते तर तुझा पाय निघाला नसता. म्हणून गिळलं. पुढे तशीच सवय लागली.
भूकंपाच्या दिवशीचं अर्धंच लिहिलं होतं. दारात कोणी नाही म्हटल्यावर मी पायरीवरच बसले. बाबांना जाग आली ती धक्क्याने नाही, माझ्या हुंदक्यांनी.
मी कधी ये म्हटलं नाही. आज म्हणते, ये. सही करून ये, न करता ये, पण ये. कडी जोरात वाजव. भूकंप असो की तू, दार उघडायला मीच येईन.
तुझी आई