पोरगं का बाप्या

१२ जानेवारी

ती सरकारी बाई आज परत आली. माझी दोन पोरं मेली, आणि ही विचारते, "आजी, तुमच्या नातवाला, माउलीला, लहानपणी काय आवडायचं?" म्हटलं, "कुऱ्हाड."

राजाबाईनं डोळे वटारले. लेकीच्या घरात राहते म्हणून तोंड काय तिच्या ताब्यात दिलेलं न्हाय.

बाई सारखी म्हणे, "सतरा वर्षांचं लेकरूच आहे हो ते." डोकं फिरलं माझं. याच लेकरानं त्याचा बाप धुळा आणि चुलता बिरप्पा, दोघंही जेवून लवंडले असताना तोडले. माझी पोरं ती. सांगून टाकलं, "लेकरू कसलं? अकराव्या वर्षी मी सोता त्याच्या खांद्यावर घोंगडं टाकलं, कपाळाला भंडारा लावला. आमच्यात घोंगडं पडलं की पोरगं न्हाय, बाप्या. एकटा मेंढरं घेऊन रानात ऱ्हायचा, लांडगं हाकलायचा, बाजारात भाव करायचा. सगळी समज हाय त्याला."

बाई भराभरा लिहीत होती. लिही म्हटलं, लिही की.

१३ जानेवारी

राजाबाई विचारते, आई काय लिहितीस. तुझं गाऱ्हाणं, म्हटलं.

१५ जानेवारी

सगळी गड्ड्याच्या जत्रेला गेली. मी गेले न्हाय. जिन्यात शेजारची गंगम्मा भेटली. "नातू पेपरात आला की वो तुमचा." म्हटलं, "तुझा नवरा कधी आला न्हाय, म्हणून जळतीस व्हय?"

आता महिनाभर बोलायची न्हाय. तेवढीच शांतता.

३० जानेवारी

वकील आला. शिवलिंगप्पा. माउलीला सरकारनं फुकट दिलेला, नि दिसतोही तसाच. बसायच्या आधीच म्हणाला, "आजी, काय बोलून बसलात?"

मुलांच्या गुन्ह्यांचं जे मंडळ आहे, तिथं माझं बोलणं वाचून दाखवलं म्हणे. घोंगडं, लांडगं, बाजार, सगळं. मंडळानं ठरवलं, पोराला समज होती, खटला मोठ्या माणसासारखा चालवा. पोरगं म्हणून धरलं असतं तर दोन-तीन वर्षं सुधारगृहात काढून सुटला असता. आता जन्मठेप होऊ शकते.

"फाशी का न्हाय?" मी विचारलं.

"त्याच्या वयाला फाशी नसते, आजी."

"मग जन्मठेप तर जन्मठेप."

चहा तसाच ठेवला त्यानं. म्हणाला, मोठ्या कोर्टातले जज परत एकदा तपासतील, पोरगं का बाप्या. तुम्हाला उभं करणार. तुम्ही म्हणाल ते धरतील.

मग उठता उठता म्हणाला, माउलीनं घोंगडं मागितलंय. त्याला ठेवलंय तिथं गार लागतं.

म्हटलं, ते दारात पायपुसणं केलंय, बघ. खरंच केलंय. तो गेल्यावर राजाबाईनं झटकून माळ्यावर टाकलं. मी काढून परत दारात टाकलं.

६ फेब्रुवारी

आज जावई गावी जाऊन आला. मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघर, खुंटे, माझी चूल, सगळं विकून मोकळा. मला एका शब्दानं विचारलं न्हाय.

भाकरी थापत होते. म्हटलं, माझ्या घरातलं विकताना मला विचारायचं न्हाय? राजाबाई हसली. "आई, तुला काय इचारायचं त्यात?"

हातात उलथनं होतं. तापलेलं. तिच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली ठेवलं. भाकरी करपली.

७ फेब्रुवारी

धुळाही असाच हसला होता. माउली दोन दिवस कॉलेजच्या कामाला इथं आत्याकडं आला होता. तेवढ्यात दोघा भावांनी सगळी मेंढरं अकलूजच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली, जेसीबी घ्यायचा म्हणून. पोरगं परत आलं तर वाघर रिकामी. एका एका कोकराला त्यानं बाटलीनं दूध पाजलेलं. विचारलं, मला का सांगितलं न्हाय? धुळा म्हणाला, "तुला काय इचारायचं? पोरगं तू."

जेवायला वाढलं मी दोघांना. तो जेवला न्हाय.

मी उलथनं खाली ठेवलं. त्याला ठेवता आलं न्हाय.

१६ फेब्रुवारी

उद्या कोर्ट. सरकारी वकिलानं सात रस्ता चौकातल्या ऑफिसात बोलावून पढवलं. "आजी, आधी सांगितलं तेच सांगायचं." मान हलवली.

माफ केलेलं न्हाय. सुटून आला तरी माझ्या ताटाला त्याला बसू देणार न्हाय. धुळाचा जेवणाचा डबा अजून मी कुणाला वापरू देत न्हाय. पण राबायला बाप्या, विचारायच्या वेळी पोरगं, नि शिक्षेला परत बाप्या? हे कसलं माप?

घोंगडं धुतलं. वाळायला दोन दिवस लागतात. ओलंच नेणार.

१७ फेब्रुवारी

सांगितलं. मेंढरांमागं माणूस पाहिजे होता म्हणून घोंगडं टाकलं. पोरगंच होतं. अजून हाय. सरकारी वकील म्हणाला, आजी फितूर झाल्या. व्हय, झाले.

तेवढ्यात माउली उठला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. माझ्या काखेतल्या घोंगड्याकडं बघून जजसायबांना म्हणाला, "आजी खोटं बोलतीय. मी बाप्या हाय."