चाळीस किलो बाजरी

२८ नोव्हेंबर. उठायची वेळ पहाटे पाचची ठरली होती. उठलो ७.२० ला.
आजपासून विंटर स्ट्रेंथ ट्रेनिंग. सव्वीस जानेवारीला खुटबाव ते निमोणे, सायकलवर, थेट सासुरवाडीच्या दारात. गेल्या वर्षी भीमेचा पूल ओलांडल्यावर चढाला पायात गोळे आले आणि मेहुण्याच्या, ईश्वरच्या, फुलांच्या टेम्पोतून घरी परत यावं लागलं. प्रत्येक लग्नात तो हेच सांगतो. यंदा जमलं नाही तर सायकल प्रांजलची, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलोय. तेव्हापासून पोरगी रोज सायकल पुसते. लक्षण बरं नाही.

२९ नोव्हेंबर.
जिम दौंडला. एवढ्या थंडीत कोण जाणार? घरात निमोण्याहून आलेलं बाजरीचं पोतं आहे, चाळीस किलो. ते खांद्यावर घेऊन उठाबशा काढल्या: तीन. चौथीला बसलो तो बायकोनं, सुषमानं, पोतं काढेपर्यंत तसाच.
डाएट: बाजरी उष्ण, ताकदीची. दोन भाकरींच्या पाच केल्या.

६ डिसेंबर.
मधला आठवडा रिकव्हरी. भाकरी चालू.

१२ डिसेंबर.
उठाबशा अकरा! दोन आठवड्यांत! सुषमाला सांगितलं. व्हय का, बरं झालं, म्हणाली आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली. या घरात कौतुक नावाची गोष्ट नाही.

२१ डिसेंबर. रविवारी करतात तशी लाँग राइड.
चौफुल्यापर्यंत. जाताना दम लागला, येताना चालत आलो. वैताग. पोत्यावर ताकद दिसते, रस्त्यावर दिसत नाही. वारा समोरून होता. येतानाही समोरूनच.

२ जानेवारी.
उठाबशा तीस. पोतं जरा खाली बसल्यासारखं वाटतं. थंडीत धान्य बसतं. प्रांजल म्हणाली, पप्पा, एकदा काट्यावर ठिवून बघा की. बावीस वर्षं कंपनीत स्टोअरकीपर आहे मी. मला माल शिकवते! तिचा डोळा सायकलवर आहे. दुर्लक्ष.

१२ जानेवारी.
पँटचं बटण लागत नाही. मसल.

२२ जानेवारी.
साठ! न थांबता! पोतं एका हातानं डोक्यावर धरलं. स्वतःचीच भीती वाटली. लगेच ईश्वरला फोन करून सांगितलं, त्या दिवशी टेम्पो दुसरीकडं पाठव. तो म्हणाला, दाजी, असू द्या, आमी हितंच हाय. खोचक माणूस.

२६ जानेवारी. दुपारी दोन. घरी.
झेंडावंदन करून निघालो. पूल ओलांडला. तोच चढ, तेच गोळे. मांडी धरून रस्त्याच्या कडेला बसलो. ईश्वर मागूनच येत होता. क्रेट सरकवले, सायकल वर चढवली आणि म्हणाला, बसा दाजी, जागा ठिवलीय. हसला असता तरी चाललं असतं. शेवंतीच्या क्रेटमागं मला रडू आलं, खरं सांगायचं तर.
घरी येऊन थेट पोत्याकडं गेलो. निदान तिथं तरी माझं चालतं. सुषमा त्यातूनच मुठीमुठीनं शेंगांची टरफलं चुलीत घालत होती. बाजरी कुठंय, विचारलं. ती म्हणाली, इस तारखेलाच संपली की. रोज दळत व्हते, निम्म्या भाकरी तर तुमालाच लागायच्या. मंग मोकळ्या पोत्यात टरफलं भरून ठिवली.
मग सांगायचं नाही का, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, एवढं खुशीत व्हता, कशाला मोडायचं.
साठ उठाबशा. टरफलं घेऊन.

सायंकाळी ६.
प्रांजल सायकलवर चौफुल्याला जाऊन आलीसुद्धा. वारा समोरून होता का, विचारलं.
कसला वारा पप्पा, म्हणाली.