बाईंनी वाचवलेली पाच मिनिटं

ती. आईस,
धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार.

माझी काळजी करू नकोस. नर्सची नोकरी टिकून आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

इथे म्हातारी माणसं वाढली आणि सरकारचा पैसा पुरेना, म्हणून घरोघरी मलमपट्टी करायला आता दर घरी चाळीसऐवजी पंधराच मिनिटं मिळतात. वेळ संपला की मोबाइल किरकिरतो. आधी खूप चिडले, मग सवय झाली.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, एकट्याच राहतात. पायाला जखम. गेले दोन महिने मी पोचायच्या आतच त्या पट्टी सोडून, स्वयंपाकघरातल्या फडक्याने जखम पुसून तयार बसायच्या. मी टोकायला हवं होतं. पण माझाही वेळ वाचत होता ना! भराभर नवी पट्टी बांधायची की निघाले पुढच्या घरी.

परवा जखम चिघळली आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. मी त्यांच्यावरच रागावले, "बाई, पट्टीला हात कशाला लावायचात?"

त्या म्हणाल्या, "तुझी पाच मिनिटं वाचायची गं. वाटायचं, तेवढी तरी बसशील माझ्याजवळ."

आई, मी एकदाही बसले नाही.

हल्ली फोनवर तूही "सगळं ठीक आहे" म्हणतेस आणि लगेच ठेवतेस. माझा वेळ वाचवतेस का गं? रविवारी फोन करीन. गुडघ्याचं अगदी पहिल्यापासून सांग. मी बसलेली असेन.

तुझीच,
धाकटी