सव्वापाचची बोट

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिलेत. खरं तर तुझे कान उपटायला हवेत. तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. तुमच्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी गाजावाजा करून जाहीर केलेला तो बोटीचा गेम नेमका येणार कधी? आधी वर्षअखेर म्हणालास, मग थोडंसंच काम उरलंय म्हणालास. परवा शेजारच्या केमिस्टच्या मुलीने शोधलं, तर कंपनीच्या यादीत तो गेमच नाही. जाहिरातीची फिल्मसुद्धा गायब. नीट बघ म्हटलं, तर म्हणते, मावशी तीनदा बघितलं.

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. पण आप्पांचं काय? तीस वर्षं धक्क्यावरच्या लाउडस्पीकरवरून बोटींच्या वेळा सांगणारा माणूस. घशाच्या ऑपरेशनला पंधरा दिवस असताना तू त्यांना स्टुडिओत नेलंस, चारशे वाक्यं बोलून घेतलीस, आणि वचन दिलंस की गेम आला की त्यांचा आवाज त्यांना परत ऐकता येईल. घरात आपण कधी तो भरून ठेवला नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण भरून ठेवतं? आता तो आवाज फक्त तुमच्या कंपनीत आहे. आप्पा रोज माझ्या शिलाई मशीनशेजारी बसतात आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पाटीवर लिहून दाखवतात की मुलाच्या गेममध्ये मी बोललोय. गिऱ्हाइकाला पँटची घाई असते, ते बिचारं मान डोलावतं.

उत्तर दे. गुळमुळीत नको.

माया आहे रे, फक्त सध्या ती रागाखाली दबलीये.
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आप्पांच्या हाती पडू देऊ नकोस. गेम बंद झालाय.

जाहिरातीत धक्का, धुकं आणि तिकीटघर दिसलं ना, आणि आप्पांचा आवाज? तेवढंच तयार होतं. तुझ्या दुकानातलं उदाहरण देतो. काचेतल्या पुतळ्याला कोट घातलाय, पुढून एकदम झोकात, आणि पाठीला नुसत्या टाचण्या. पाठ शिवायच्या आधीच कंपनीने तो जाहीर केला, कारण जाहीर केलं की पैसेवाले येतात. ते आले आणि मापं बदलायला लागले. आधी एकट्याने खेळायचा होता, तो पन्नास जणांनी मिळून खेळायचा करा म्हणाले. त्यात आठ महिने गेले. मग नवे साहेब आले, त्यांना बोटीवर लढाई हवी होती. शेवटी ठरलं की यात अजून दोन वर्षं घालवण्यापेक्षा खपणाऱ्या जुन्या गेमचा पुढचा भाग काढलेला बरा.

पण बंद हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काम विश्रांतीवर आहे, असं म्हणायचं. ज्यांनी वाजतगाजत जाहीर केलं, त्यांना चुकलो म्हणायची लाज. म्हणून पान गुपचूप काढलं. लोक विसरतील, असा हिशेब. अगं, आमच्या साठ जणांनासुद्धा सांगितलेलं नाही. सोमवारची मीटिंग होत नाही, दर आठवड्याला दोघं-तिघं दुसऱ्या कामावर हलतात, उरलेले बसून बोटीचे दोरखंड रंगवतात. मला जानेवारीतच कळलं, कारण मी गटाचा प्रमुख. आणि त्याच दिवशी गप्प राहायच्या कागदावर सहीही घेतली. माझ्या शेजारच्या चित्रकार बाईंनी दुसरीकडची नोकरी रोखून धरलीये, हा गेम पुरा करायचा म्हणून. रोज त्यांच्यासमोर चहा पितो.

आवाज कंपनीच्या मालकीचा. मी कॉपी ठेवली नाही, गेम येणारच होता ना! माझ्यासारखा गाढव मीच.

शिव्या दे, पण पत्र लिहीत जा.
धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पाकिटावर ठळक अक्षरात 'फक्त ताईसाठी' लिहिलंस, म्हणून तर मी ते आधी उघडलं. मी मुका झालोय, आंधळा नाही.

गेमचं वाईट वाटलं. का वाटू नये? दोन वर्षं गावभर सांगत सुटलो होतो. आता तोंड लपवून बसायची पाळी. पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. धुक्यामुळे बोट रद्द झाली की मी तीनदा सांगायचो. पहिल्यांदा लोकांचं लक्ष नसतं. दुसऱ्यांदा विश्वास बसत नाही. तिसऱ्यांदा माणूस पिशवी उचलतो. मग शिव्या मलाच मिळायच्या, आणि मी त्या खायचो. एकदा नव्या साहेबाने हुकूम काढला, की आज सांगू नका, लोक आपोआप पांगतील. कुणी पांगलं नाही. लेकुरवाळ्या बाया अंधार पडेपर्यंत वाऱ्यात उभ्या राहिल्या. त्यानंतर मी कुठल्याही साहेबाला विचारलं नाही.

आणि तू, माझा मुलगा, साठ माणसं धक्क्यावर ताटकळत ठेवतोस? वर दोरखंड रंगवायला लावतोस?

आवाज चोरून आणायचा नाही. रीतसर अर्ज कर.
आप्पा

ता. क. ताई कात्री आपटतेय. तिला वेगळं पत्र लिही.

१८ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज केला. तीन टेबलं फिरला. कायदेवाल्यांनी तुम्ही माझे वडील असल्याचा पुरावा मागितला, तोही दिला. शेवटी मेहरबानी केल्यासारखी परवानगी आली: घरी ऐकण्यापुरतं एक वाक्य. चारशे बारा वाक्यांतलं फक्त एक! भांडलो, काही उपयोग झाला नाही.

आवाजाचं काम बघणारा आमचा मित्र, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, त्याने सगळी वाक्यं माझ्यासमोर लावली. सामान विसरू नका, असं सांगता सांगता तुम्ही मध्येच हसलात, ते आठवतंय? मला वाटतं तेच घ्यावं. ताईलाही आवडेल. पण शब्द तुमचा.

साठ जणांना अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

रागवा, पण परकं करू नका.
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

हसण्याचं नको. सव्वापाचची बोट रद्द झाल्याचं आहे, ते घे.

आधी तुझ्या ऑफिसात लाव, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग इकडे पाठव. तुझ्याने सांगवत नाही ना, मग मी सांगतो.
आप्पा

५ एप्रिल

ती. आप्पांस आणि ताईस,
सा. न. वि. वि.

काल सकाळी कानसेनने मोठा स्पीकर हॉलच्या मधोमध आणून ठेवला. सगळे जागेवर होते. आप्पांचा आवाज घुमला: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, सव्वापाचची बोट रद्द करण्यात आली आहे, कुणीही धक्क्यावर थांबू नये, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

पहिल्यांदा लोक हसले. त्यांना ते वाक्य पाठ आहे. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्यांदा लावणार, तेवढ्यात साहेब धावत आले आणि त्यांनी वायर उपटली. चित्रकार बाईंनी विचारलं की हे खरं का. मी हो म्हणालो. कधीपासून माहीत होतं, हेही त्यांनी विचारलं. जानेवारीपासून, असं सांगितलं. त्यांनी तिथूनच त्या दुसऱ्या कंपनीला फोन लावला. ती जागा महिन्यापूर्वीच भरलीये. मग माझ्याकडे पाठ करून त्या टेबल आवरायला लागल्या. बरोबरच आहे त्यांचं.

दुपारी साहेबांना सगळ्यांसमोर उभं राहून बंद हा शब्द उच्चारावा लागला. मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. वाक्य पेनड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय.

तुमच्या नजरेला नजर देता येईल असं वाटतंय, म्हणून लवकरच येतो.
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

या वेळी मनापासून लिहिलेत.

केमिस्टच्या मुलीने दुकानात वाक्य लावलं. दोन गिऱ्हाइकं होती, एक जण खिशाच्या मापासाठी हात वर करून उभा होता, तो तसाच राहिला. आप्पा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. मला रडू आवरेना. संपल्यावर मी परत लाव म्हटलं, तर त्यांनी हात आडवा धरला. दोन वर्षं वाट बघितली आणि एकदाच ऐकलं, कमाल आहे या माणसाची! मग माझी मापांची वही ओढली आणि मागच्या पानावर लिहिलं. ते पान फाडून सोबत पाठवतेय: सव्वापाचची बोट रद्द. तीन वेळा सांगितले. दोनदा तिकडे, एकदा इकडे. खाली वेळ आणि सही, धक्क्यावरच्या रजिस्टरात करायचे तशी.

ते फिरायला गेले की मी मात्र लावते. आठवड्याभरात ती बोट मी शंभरदा तरी रद्द केली असेल. काल लवकर परत आले आणि दारातच मला पकडलं. वाटलं, आता ओरडणार, म्हणजे पाटीवर. त्यांनी लिहिलं: आवाज वाढव. मागच्या बाकावर ऐकू जात नाही.

ये लवकर. कान उपटायचे राहिलेत, ते विसरलेले नाही.
ताई