माय बपेऱ्याले गेली

गुरुजी, तुमचा नेम चांगला होता. वर्गाच्या पार त्या टोकाला डुलक्या घेणाऱ्या पोराच्या टाळूवर तुमचा खडू बरोबर जाऊन बसायचा. हे आधी लिहून टाकते. नाहीतर मेलेल्या माणसाला लिहायचं म्हणजे सगळं गोडगोडच लिहायचं असं लोकांना वाटते, आणि माझ्या तोंडात गोड फार वेळ टिकत नाही. चौथीपर्यंत तुम्ही शिकवलं, त्याच्यापुढे मला कोणी शिकवलं नाही. म्हणून पुस्तकातल्यासारखं लिहायला जाते आणि मधेच घरची बोली घुसते. घुसू द्या. तुमचा खडू आता इथपर्यंत पोचत नाही.

लिहायचं कारण माझी नात. ती भंडाऱ्याला राहते आणि शाळाशाळांतून फिरते. पोरांच्या मनात काय चाललं आहे ते त्यांच्याजवळ बसून ऐकते. समुपदेशक म्हणतात तिला. पहिल्यांदा तिने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "उपदेश तर गावात कोणीबी देते, त्याचा पगार काहून?" ती म्हणाली, "आजी, उपदेश नाही द्यायचा. नुसतं ऐकून घ्यायचं." मी म्हटलं, "मंग तुझ्या आज्याले पेन्शन भेटाले पाहिजे होती. जलमभर माझं ऐकलं त्यानं." तिला माझ्या बोलण्याचा राग येत नाही, हा तिच्यातला मोठा दोष आहे, भांडायची मजाच राहत नाही. आता तिने संशोधन घेतलं आहे. घरात मरण झालं तर त्या घरच्या लेकराशी शाळा कशी वागते, मास्तर काय करतात, आधी काय करत होते. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरते. अड्याळच्या बाजारात बसणाऱ्या बायांना तिने गाठलं, तर त्या म्हणाल्या, काही आठवत नाही माय, वांगे घेते का. मग ती मोबाइल मांडून माझ्यापुढे बसली. आधी चेहऱ्यांची चित्रं काढली. तिच्या शाळेतली पोरं चित्र पाहून सांगतात म्हणे, आज मला असं वाटून राहिलं. "आजी, हा चेहरा पाहून काय वाटते?" "याचं पोट साफ नाही झालं." "अन् हा?" "याचं झालं." ती हसली, आणि हसता हसता तिने विचारलं, "तुझी माय मेली तेव्हा तुले कोणी सांगितलं?" मी भात पाहून येते म्हणून उठले. चुलीवर भात नव्हताच.

मी उठले त्याला घरचंच कारण होतं. या नातीचा भाऊ, म्हणजे माझा नातू, त्याची बायको पोळ्याच्या आधी तापाने गेली. नागपूरच्या दवाखान्यातून परत आली ती झाकूनच. त्यांची पोरगी पहिलीत आहे, लहानी म्हणतो आम्ही तिला. अग्नी दिला त्या दिवशी लहानीला मामाच्या गावी ठेवलं होतं, आणि घरी आणली तेव्हा सांगितलं, आई नागपूरले दवाखान्यात आहे. बाप बोलला, मी मान हलवली. नात तेव्हाच म्हणाली होती, "दादा, तिले खरं सांगावं लागन. साध्या शब्दांत. लेकरांपासून लपवलं तर ते आपल्या मनानं काहीबाही जुळवतात." नातू तिच्यावर ओरडला, "तुले लेकरू नाही, तुले काय समजते? तुझं पुस्तक तुझ्याजवळ ठेव." ती उठली आणि भांडी घासायला बसली. एकच गंज, भाताचं पातेलं, ती कितीतरी वेळ घासत होती. मी त्या दिवशी नातवाच्या बाजूची होते. मला वाटायचं, पोरगी खाते, खेळते, शाळेत जाते, कशाला तिच्या डोक्यावर डोंगर ठेवा.

आणि तुम्हाला तर ठाऊक आहे गुरुजी, आमच्या घरी आधी हेच झालं होतं. नागपूरच्या जागी तेव्हा बपेरा होतं. बपेरा माझ्या मायचं माहेर, तिकडे पार मध्यप्रदेशाच्या हद्दीला. आमच्या गावाहून जायचं तर मोटारी बदलत दिवस जायचा. त्यामुळे सांगणाऱ्यांचं सोपं झालं, तिथून कोणी पटकन येत नाही हे मलाही पटण्यासारखं होतं. रोवण्याचे दिवस होते, चिखलात धानाची रोपं लावायचे. माय धानाच्या बांधीत वाकलेली तिथेच पडली ती उठलीच नाही, आणि मला सगळ्या बाया एका सुरात सांगत होत्या, माय बपेऱ्याले गेली, येईन. शाळा सुटली की मी तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, जाऊन बसायची. तिथून मोटारीची सडक दिसायची.

मग एक दिवस वर्गात बाजूची पोरगी माझ्या कानाशी म्हणते, तुझी माय मेली. मी तिचा हात धरून चावते. रक्त येते. तुम्ही छडी घेऊन माझ्यापुढे उभे. "काहून चावली?" "ते खोटं बोलते गुरुजी. माझी माय बपेऱ्याले गेली." तुमची छडी वर आहे ती खाली येत नाही. जागेवर बस, एवढंच म्हणता, आणि सगळ्या वर्गाला मोठ्याने पाढे म्हणायला लावता. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या घरी आला. बाप म्हणाला, "लहान आहे गुरुजी. थोडी समज येऊ द्या." तुम्ही म्हणालात, "समज आली आहे तिला, म्हणून तर चावली. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो." बाप म्हणाला, "सांगा," आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. बैलाने आताच पाणी पिलं होतं. आमच्या घराण्यात उठून जायची जुनी चाल आहे.

शाळेच्या मागे तुमची एक खोली. तुम्ही एकटे, तुमच्या हातचा स्वयंपाक, आणि तो कसा असायचा ते सगळ्या गावाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिथे बोलावता आणि माझ्यापुढे सूप सरकवता, "तांदूळ निवडून दे." मी निवडते. तुम्ही माझ्याकडे पाठ करून स्टोव्हवर भात टाकता आणि पाठ केलेलीच ठेवून म्हणता, "पोरी, तुझी माय मेली. ती बपेऱ्याला नाही. ती आता येणार नाही." मी रडते. तुम्ही उगी म्हणत नाही, जवळही घेत नाही, नुसते तिथेच उभे राहता. मग मी विचारते, तिले जेवाले कोण देते? "मेलेल्या माणसाला भूक लागत नाही." थंडी? "थंडीही नाही." मग माझ्या वेण्या कोण घालीन? हे मी कोणाला विचारत होते! तुमच्या डोक्यावर तर तेल लावण्यापुरतेही केस नव्हते. तोवर भात करपला. तोच तुम्ही दोन ताटल्यांत वाढला, वर पातळ वरण, आणि आपण दोघांनी तो तोंड वाकडं न करता खाल्ला. तेवढा वाईट भात मी पुढे कोणाच्या लग्नातही खाल्ला नाही.

आणि मग तुम्ही तो नियम काढला. प्रार्थनेच्या आधी चौथीच्या पोरींनी पहिली-दुसरीच्या सगळ्या पोरींच्या वेण्या घालायच्या. एकटीच्या नाही, सगळ्यांच्या. ज्यांच्या माया घरी होत्या त्यासुद्धा केस सोडून शाळेत यायला लागल्या. बाया तणतणल्या, मास्तरला म्हणा शाळा आहे का न्हाव्याचं दुकान. तुम्ही ऐकून घेतलं आणि कोणालाच कारण सांगितलं नाही. मलाही ते कारण मी चौथीत पोचून दुसऱ्यांच्या वेण्या घालायला लागले तेव्हा समजलं. ओळीत बसलेल्या पोरींत कोणती बिनमायची आहे ते शोधून सापडलं नसतं.

आता लहानीचं सांगते. रोज विचारायची, आई कधी येते. नातू थकला आणि त्याने एक शक्कल काढली. त्याच्या साळीचा, म्हणजे मेहुणीचा, आवाज हुबेहूब तिच्या गेलेल्या बहिणीसारखा आहे. त्याने तिला फोन लावून समजावलं, आणि मागच्या रविवारी अंगणात मोबाइल लहानीच्या कानाला लावून दिला. आवाज ओसरीपर्यंत ऐकू येत होता. "बाई, आई बोलून राहिली मी. जेवली का? बाबाले तरास नको देऊ." मीच वळून दाराकडे पाहिलं, इतका तो आवाज सारखा. लहानी म्हणाली, "हो आई. जेवली. लवकर ये." तिने मोबाइल बापाच्या हातात नीट दिला. बापाचा चेहरा उजळला, पोळ्यापासून तो असा दिसला नव्हता. तो गोठ्याकडे गेला. मी ओसरीत नवे तांदूळ पाखडत होते. लहानी माझ्याजवळ आली, माझ्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "मोठी आजी, ते मावशी होती. बाबाले नको सांगजो. तो रडते."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं, गुरुजी. आम्ही सगळे मोठे मिळून त्या एवढ्याशा पोरीला सांभाळत होतो असं आम्हाला वाटत होतं. सांभाळत ती होती.

मी नातीला फोन लावला. "ये." "काय झालं आजी?" "तुझे ते तोंडाचे चित्र तिकडेच ठेव. तू ये." ती दुपारच्या बसने आली. नातवाला गोठ्यातून बोलावलं आणि लहानी काय म्हणाली ते सांगितलं. तो खाली बसला. "माझ्याच्यानं नाही होत, आजी." मी म्हटलं, "तुले बोलाचं नाही. तुले फक्त तिले मांडीवर घेऊन बसाचं आहे. मधेच उठलास तर याद राख." नातीने मला बाजूला घेतलं. "आजी, देवाच्या घरी गेली म्हणू नको. झोपली म्हणू नको. मंग लेकरं झोपायले भितात, नाहीतर देवाच्या घरी जायचा हट्ट धरतात. ते विचारन तेवढंच सांग." खरं सांगते, मी देवाचं घर काढणारच होते, जिभेवर तयार होतं. हे तिने सांगितलं नसतं तर मी गोंधळ करून ठेवला असता. तिचं पुस्तक अगदीच वाया गेलेलं नाही.

लहानी बापाच्या मांडीवर बसली आणि मी तुमचीच वाक्यं घेतली, दुसरी मला येत नव्हती. "बाई, तुझी आई मेली. ते नागपूरले नाही. ते आता येणार नाही." लहानीने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं. त्याच्या तोंडून कसंबसं "हो" निघालं. ती थोडा वेळ त्याच्या शर्टाची गुंडी फिरवत बसली आणि मग म्हणाली, "मंग तू न्हाणीत जाऊन काहून रडते? इथं रड ना." त्याच्यानंतर तो जो रडला. आणि ती रडली ती त्याच्या मांडीवरून न उतरता. नात भिंतीला टेकून रडत होती, मी म्हटलं, "तू काहून? तुझं तर शिक्षण झालं आहे." ती रडता रडताच हसली. लहानी आता सगळ्यांना प्रश्न विचारते. आईच्या साड्या कोण नेसन, आईले माहीत आहे का माझा दात पडला. काहींची उत्तरं आम्हाला येतात. न येतील तिथे ठाऊक नाही म्हणतो. काल शाळेत जाताना तिने स्वतःहून शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, माझी आई मेली. नात म्हणते, हे चांगलं आहे. मला अजून तसं वाटत नाही, पण ती म्हणते तर असेल.

त्यानंतर मी तिच्या मोबाइलपुढे बसले. कोणी सांगितलं? गुरुजींनी. काय म्हणाले? ते सांगितलं. करपलेला भात, वेण्या, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुझे गुरुजी हे शिकले असते तर मोठे समुपदेशक झाले असते." मी म्हटलं, "खडू मारणारे." आता तिच्या संशोधनात तुम्ही आहात, नाव नाही, नुसते एक शिक्षक. तिने मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं आहे की मुलीला मृत्यूची बातमी प्रथम शिक्षकाने दिली. मी ते तसंच राहू दिलं. चांगलं लिहिलं होतं, आणि तुमचा मान राहत होता.

हा कागद मी तिला देणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचा तर पत्ता नाही. म्हणून सांगते. मायला नेलं त्या दिवशी मला शेजारणीच्या घरात कोंडलं होतं. त्या घराच्या कवाडाला फट होती. चिखलात राहून मायच्या पायाची बोटं कुजायची, म्हणून तिने आदल्या दिवशी त्यांना मेंदी लावली होती. ती लाल बोटं माझ्यासमोरून गेली. पाय कोणाचे ते मला समजलं. पाळीवर मी जाऊन बसायची, कारण बाप बांधीतून मान वर करून बघायचा. मी सडकेकडे डोळे लावलेली दिसली की पोरीला बपेरा पटलं म्हणून त्याला बरं वाटायचं, मग तो पुन्हा रोवायला वाकायचा. तुमच्या खोलीत मी एवढी रडले की तुम्ही भात विसरलात, ते बातमी ऐकून नव्हतं गुरुजी. आता मला पाळीवर जावं लागणार नव्हतं.